प्रोजेक्ट हापूस: अण्णांची शुगर, देवगडची पेटी आणि दंडावरचा सेन्सर

२ एप्रिल २०२५, बुधवार

फाईल उघडली आज. देवगडहून काकांचा फोन आला की पहिली पेटी येत्या आठवडाभरात निघतेय, आणि फोन ठेवल्या ठेवल्या घरात दर एप्रिलला होतं तेच भांडण सुरू. आई (माझ्या सासूबाई) म्हणतात डायबेटीसवाल्याला आंबा म्हणजे विष, अण्णा (सासरे) म्हणतात मी देवगडात जन्माला आलो, मला नाही तर आंबा कोणाला, सुहास (नवरा) मध्ये पडत नाही (तो कशातच पडत नाही). आणि मग दुपारी सगळे आडवे झाले की अण्णा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या आंबे चोखून बाठे खिडकीतल्या तुळशीच्या शेजारच्या कुंडीत पुरतात. मागच्या पावसाळ्यात कुंडीत रोपं उगवली तेव्हा आईंना कळलं.

मी टेस्टिंगमध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर कुठे फुटतं ते शोधते, म्हटलं यंदा भांडण नको, टेस्ट करू. आंबा चालतो की नाही चालत, हा प्रश्नच मला पटत नाही, कारण तो कोणी किती, कधी, कशाबरोबर खाल्ला हे कोणी विचारतच नाही. तर प्रश्न असा ठेवलाय: माणूस तोच, गोळ्या त्याच, आंबा मोजून तेवढाच, फक्त वेळ आणि सोबतीचं खाणं बदललं तर शुगर किती वर जाते आणि किती वेळ वर राहते.

सुरुवातीची स्थिती: अण्णा, वय ६९, टाइप २, बारा-तेरा वर्षं झाली असतील. गोळ्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मार्चचा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ७.६. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल. चालणं कमी, चहा-बिस्कीट जास्त.

४ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टर मॅडमकडे जाऊन आलो. मला वाटलं ओरडतील, पण त्यांनी उलट वहीच मागितली आणि स्वतःच्या अक्षरात अटी लिहून दिल्या. गोळ्यांना हात लावायचा नाही. आंबा खायचाय म्हणून जेवण बुडवायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण ग्लिमेपिराइड पोटात काही गेलंय की नाही ते बघत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते म्हणजे लावते, मग खाणं कमी पडलं तर शुगर धाडकन खाली येते. ७० च्या खाली गेली, घाम आला, हात थरथरले तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. सकाळची फास्टिंग १८० च्या वर असेल त्या दिवशी टेस्ट रद्द.

किडनीचं त्या वेगळं बोलल्या. अण्णांचे रिपोर्ट चांगले आहेत म्हणून ठीक, पण ज्यांची किडनी अधू आहे त्यांना शुगरपेक्षा पोटॅशियमचा हिशोब आधी करावा लागतो, आंब्यात १०० ग्रॅमला साधारण १७० मिलिग्रॅम असतं. आणि करंबळ (स्टारफ्रूट) तर त्यांनी अजिबातच खायचं नाही, त्यात असं द्रव्य असतं जे बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूवर जातं, उचक्या लागतात, झटके येतात. आमच्या मागच्या वाडीतल्या झाडाची करंबळं सगळी बिल्डिंग मीठ-तिखट लावून खाते. नोंद करून ठेवली, खालच्या मजल्यावर एका काकांचं डायलिसिस चालू आहे, त्यांच्या घरी सांगायला हवं.

६ एप्रिल, रविवार

आज वाचन. ग्लायसेमिक इंडेक्स (एखादा पदार्थ शुगर किती चढवतो त्याचा आकडा) हा शब्द सगळे फेकतात पण तो काढतात कसा हे कोणाला विचारलं तर गप्प. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि मंडळींनी १९८१ मध्ये आणलेली पद्धत आहे. माणसाला उपाशीपोटी ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा तो पदार्थ खायला द्यायचा, दोन तास ठरावीक वेळाने रक्त घ्यायचं, आलेख काढायचा, आणि त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज देऊन जो आलेख येतो त्याच्याशी तुलना. ग्लुकोज म्हणजे १००. ५५ पर्यंत कमी, ७० च्या पुढे जास्त. आंबा साधारण ५१ च्या आसपास येतो, जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे खालीवर. पांढरा ब्रेड ७५ च्या आसपास.

म्हणजे आंबा ब्रेडपेक्षा बरा? थांबा. ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी आंब्याचा गर लागतो तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. म्हणून दुसरा आकडा बघायचा, ग्लायसेमिक लोड, त्यात किती खाल्लं हेही धरतात. १०० ग्रॅम गराला कर्बोदकं १५ ग्रॅम, गुणिले ५१, भागिले १००, म्हणजे आठाच्या जवळपास. दहापर्यंत कमी मानतात. कलिंगडाचा इंडेक्स आंब्यापेक्षा वर आहे पण त्यात पाणीच जास्त, त्यामुळे लोड कमी. हे वाचून अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले मग आठवर आठ, सोळा, चोवीस, असे किती खाऊ. मुद्दा बरोबर धरला त्यांनी.

अजून एक, आंब्यातली साखर सगळी ग्लुकोज नसते. निम्मी तर सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर, बाकीत फ्रुक्टोज जास्त आणि ग्लुकोज कमी. फ्रुक्टोज थेट रक्तातल्या शुगरच्या आकड्यात दिसत नाही, ते यकृताकडे जातं. म्हणून इंडेक्स कमी दिसतो. पण ढीगभर फ्रुक्टोज रोज गेलं तर यकृत त्याची चरबी करतं, तेव्हा आकडा कमी म्हणून खूश व्हायचं कारण नाही. फोडी खाऊन सहसा एवढं जात नाही, डब्यातले आणि बाटलीतले रस पिऊन सहज जातं.

१२ एप्रिल, शनिवार

पेटी आली! खिळे सुहासने काढले, गवत सगळ्या हॉलभर, वास जिन्यापर्यंत. काका गवतात पिकवतात त्यामुळे कार्बाइडची भीती नाही, तसंही कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन गॅस ठरावीक प्रमाणात चालतो. बाजारातून घेताना मात्र फळ बाहेरून एकसारखं पिवळंधमक आणि देठाशी वास नाही असं असेल तर मी घेत नाही.

वजनकाटा काढला, केक करायला घेतला होता तो. मधल्या आकाराचा एक आंबा २४५ ग्रॅम. साल आणि बाठा वेगळा काढून गर १६५. बाठ्याला जे चिकटून राहतं ते सुरीने खरवडलं तर अजून १२-१३ ग्रॅम निघालं, आणि अण्णा जसा चोखतात तसा चोखला तर बाठा पांढराफटक होतो म्हणजे ते पण धरायला हवं. तर एक आंबा म्हणजे धरा २६-२७ ग्रॅम कर्बोदकं. आमच्या घरच्या पोळीला कणीक जाते ३० ग्रॅम, त्यात २१ च्या आसपास. थोडक्यात एक आंबा म्हणजे सव्वा पोळी. हे आईंना सांगितल्यावर त्या पहिल्यांदा जरा विचारात पडल्या, कारण अण्णांनी जेवताना सव्वा पोळी जास्त घेतली तर त्या कधी काही बोलत नाहीत.

टेस्टचा डोस ठरला: १०० ग्रॅम गर, फोडी करून, बशीत, काट्यावर मोजून.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी, सगळे घरी. दंडावर चिकटवून सतत शुगर दाखवणारा सेन्सर मागवलाय, तो अजून यायचाय म्हणून साध्या ग्लुकोमीटरवर सराव केला.

अण्णांनी डोस खाल्ला (फोडी काट्याने खा सांगितलं होतं, हाताने खाल्ल्या), पंचावर हात पुसले आणि बोट पुढे केलं. रीडिंग २९७. आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला, बघा मी म्हणत होते ना. मला पटेना, आत्ता तर खाल्लंय, एवढ्यात कुठे चढेल. दुसरं बोट घेतलं, स्पिरिटच्या कापसाने पुसलं, २२६. मग मोरीत नेऊन साबणाने खळखळून हात धुवायला लावले, कोरडे केले, तिसरं बोट: १३४.

ग्लुकोमीटरची पट्टी रक्ताचा एवढासा थेंब घेते, त्यात बोटावरची आंब्याची साखर मिसळली की मशीन ती पण मोजतं, त्याला काय कळतंय रक्तातली कुठली आणि बोटावरची कुठली. फळ हाताळल्यावर स्पिरिट पुरत नाही, पाणीच लागतं. विचार करा, आंब्याच्या सीझनमध्ये किती घरी असे खोटे २९७ येत असतील आणि त्यावरून आंब्याला शिव्या बसत असतील. किंवा वाईट म्हणजे कोणी त्यावर इन्सुलिनचा डोस वाढवत असेल.

दुसरी गोष्ट, चांगल्या मशीनलासुद्धा १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, तसं स्टँडर्डच आहे. म्हणजे १६० आणि १७५ वरून घरात वाद घालू नये.

१९ एप्रिल, शनिवार

सेन्सर लावला. चार-पाच हजारांच्या घरात जातो, चौदा दिवस चालतो, दंडाच्या मागे चिकटवायचा, दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. अण्णा: "मी काय उंदीर आसंय काय गो?" सईने समजावलं की आजोबा तुम्ही रोबोट झालात, तेव्हा तयार झाले.

हा रक्त मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या मधलं जे पाणी असतं त्यातलं ग्लुकोज मोजतो, त्यामुळे शुगर भराभर वर जात असताना तो पाच-दहा मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवसाचे आकडे धरायचे नाहीत असं ठरवलं, बसायला वेळ लागतो त्याला.

२१ एप्रिल, सोमवार

रात्री तीनला मोबाईल केकाटला, लो ग्लुकोज, ५८. मी साखरेचं पाणी घेऊन धावले, सुहास पण उठला (नोंद घेण्यासारखी घटना). अण्णा डाव्या कुशीवर, सेन्सर अंगाखाली दाबून, ढाराढूर. घाम नाही काही नाही. बोटावर मोजलं, १०७. दंड दाबला गेला की तिथला प्रवाह मंदावतो आणि सेन्सर खोटा लो दाखवतो. अण्णांना उजव्या कुशीवर वळवलं, वीस मिनिटांत ग्राफ जागेवर. साखर पाजली नाही.

लो आला की आधी बोट, हा नियम वहीत लिहिला. पण लक्षणं असतील तर मोजत बसायचं नाही, साखर आधी.

२४ एप्रिल, गुरुवार

नाश्त्याच्या टेस्ट झाल्या, एक प्रकार परत करून बघितला आणि आकडे बऱ्यापैकी तसेच आले. या सगळ्या प्रोजेक्टमध्ये मला सर्वात जास्त शिकवलं ते या तीन ओळींनी.

ब्रेडचे दोन स्लाइस आणि बिनसाखरेचा चहा: ११२ वरून १९७.
एकच स्लाइस आणि १०० ग्रॅम आंबा: ११५ वरून १७६.
दोन्ही स्लाइस आणि वर १०० ग्रॅम आंबा: ११९ वरून २३८, आणि खाली यायला तीन तास.

पहिल्या दोन ओळींत कर्बोदकं जवळपास सारखी. आंबा ब्रेडच्या जागी आला तर शिखर उलट थोडं कमीच. आंबा ब्रेडच्या डोक्यावर बसला तर गेलं. आणि आपल्याकडे आंबा कायम डोक्यावरच बसतो! कोणी कधी म्हटलंय का की आज आंबा आहे तर भात नको? उलट आंबा आहे म्हणून दोन पुऱ्या जास्त.

आईंना तिन्ही ग्राफ मोबाईलवर दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ब्रेडला मी इतकी वर्षं काहीच बोलले नाही." मला वाटलं आता आंब्याची सुटका झाली, पण दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी ब्रेड आणणंच बंद केलं, आता घावणे. घावणे पण तांदळाचेच हो आई. असो, पुढच्या टेस्टला.

२७ एप्रिल, रविवार

वेळेची टेस्ट. दुपारचं पूर्ण जेवण (दोन पोळ्या, आमटी, भात, भाजी) आणि लगेच आंबा: सत्तर-पंचाहत्तरने वर, दोनशेच्या पलीकडे. तोच डोस संध्याकाळी पाचला, चहा-बिस्किटाच्या जागी, सोबत मूठभर शेंगदाणे: १२४ वरून १५८, दोन तासांत परत जागेवर. शेंगदाण्यातली चरबी आणि प्रोटीन पोट हळू रिकामं करतात, आणि जेवणाचा ढिगारा आधी नसतो.

अण्णा खूश, पाचचा आंबा मंजूर. बिस्किटं गेली हे त्यांच्या चार दिवसांनी लक्षात आलं.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

आज टेस्ट वगैरे काही नाही, सण आहे, असं अण्णांनी सकाळीच जाहीर केलं. सेन्सर मात्र दंडावरच होता. :)

आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी, कुरडया, मसालेभात. रसासाठी काकांनी पायरी पाठवली होती, हापूस त्यात थोडा. आई रस मिक्सरला लावत नाहीत, हाताने पिळून पुरणयंत्राच्या जाळीतून काढतात, वरून वेलची आणि चिमूटभर मीठ, पायरी आंबट निघाली म्हणून साखर पण पडली, किती ते मला दिसलं नाही, चमचा मोठा होता. अण्णांनी वाटी संपवली की परत भरली जात होती. रसाचं तेच आहे, एका वाटीत दोन आंबे बसतात आणि चावायचं काही नसतं, फोडी दोन आंब्यांच्या खाल्ल्या असत्या तर मध्येच कंटाळा आला असता.

जेवून दोन तासांनी अण्णांनी स्वतः हात धुऊन (!) बोटावर मोजलं. १७१. विजयी मुद्रेने मशीन घरभर फिरवलं, आईंच्या नाकासमोर दोनदा. "साखर खंय वाढली, सांग बघूया."

आई गप्प. मी पण गप्प, कारण ग्राफवरचा बाण अजून वर होता. साडेतीन तासांनी २४३. आणि तिथून उतरायला संध्याकाळ झाली, दिवे लागले तरी दोनशेच्या वर.

हे पुरीचं काम. तळणाचं तेल पोटातून पुढे सरकायला वेळ लावतं, त्याच्याबरोबर सगळी साखर पण सावकाश उतरते, त्यामुळे शिखर उशिरा येतं आणि लांब चालतं. जेवणानंतर दोन तासांचं रीडिंग ही आपल्याकडे प्रमाण वेळ, लॅबवाले पण तेव्हाच रक्त घेतात, पण पुरी-आमरस, बिर्याणी, पिझ्झा असल्या जेवणाला ती वेळ फसवते. सेन्सर नसता तर आज अण्णांचा १७१ घरच्या इतिहासात नोंदला गेला असता आणि पुढची दहा वर्षं आम्हाला ऐकवला असता.

रात्री ग्राफ दाखवला. बराच वेळ बघितला त्यांनी. मग विचारलं, यातला आंब्याचा भाग किती आणि पुरीचा किती. चांगला प्रश्न आहे, आणि एका जेवणातून तो सुटत नाही. उद्या सुट्टी आहे, बघू.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन. कालचा रस उरलाय पण तो मोजणीत घेतला नाही, साखर पडलीय त्यात. १०० ग्रॅम हापूस, जेवणातच, पण क्रम बदलून: आधी काकडी-टोमॅटो, मग उसळ आणि ताक, मग एकच पोळी, भात नाही, आंबा शेवटी. आणि जेवून वीस मिनिटं चालणं. बाहेर भांडुपचं ऊन म्हणजे विचारू नका, म्हणून बिल्डिंगच्या पॅसेजमध्येच या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेजारच्या काकू दार उघडून विचारून गेल्या काय झालं म्हणून.

१२६ वरून १६१. बस.

भाजी-प्रोटीन आधी गेलं की साखर हळू चढते, आणि चालताना पायांचे स्नायू रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची तेवढी वाट बघावी लागत नाही. जेवून वामकुक्षी आणि जेवून शतपावली यातला फरक दंडावर लाइव्ह दिसला. शतपावली शंभर पावलांवर थांबवू नये एवढंच, शंभर पावलांत पॅसेजचं एक टोकही धड होत नाही.

३ मे, शनिवार

सेन्सर निघाला. खाली गोल लाल डाग, खाज. अण्णांना म्हणे मोकळं मोकळं वाटतंय. मला वाटत नाहीये, ग्राफ बघायची सवय लागली.

११ मे, रविवार

पन्हं. आई कैऱ्या उकडून गूळ घालून करतात आणि त्यांच्या मते हे थंड असतं, औषधी असतं, आणि गुळाचं असल्यामुळे डायबेटीसला चालतं. कैरीचं ठीक आहे, कच्च्या फळात स्टार्च जास्त आणि साखर कमी, पिकताना त्या स्टार्चची साखर होते. पण गूळ म्हणजे बहुतांश सुक्रोजच, रंग आणि थोडे क्षार सोडले तर शुगरच्या दृष्टीने साखरच. ग्लासभर पन्ह्यानंतर ग्लुकोमीटरवर २१२. ब्रेडच्या किंवा भरल्या जेवणाच्या डोक्यावर न बसलेल्या पिकल्या आंब्याच्या डोसाने एवढा कधीच गेला नव्हता. आता आई दोन भांड्यांत करतात, अण्णांचं मिठाचं, जिऱ्याचं, गूळ नाही. तोंड वाकडं करून पितात.

१८ मे, रविवार

व्हॉट्सअ‍ॅपवर आंब्याच्या पानांच्या काढ्याचा मेसेज, पाचव्यांदा तरी. पानांत आणि सालीत मँजिफेरिन नावाचं द्रव्य असतं हे खरं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने शुगर उतरलेली दिसलीय हे पण खरं, पण प्रयोगशाळेतला मोजलेला डोस वेगळा आणि वाडीतल्या झाडाची पानं वेगळी, आणि आपण खातो त्या गरात ते फारसं नसतंच. त्यातच जांभळं आलीत, फेरीवाला बियांची पावडरपण विकतोय. जांभळं खुशाल खावीत, छान फळ आहे. पावडर खाऊन ग्लिमेपिराइड बंद करणारे आमच्या ओळखीत आहेत आणि त्यांच्या पायाची जखम महिनोन्महिने भरत नाहीये. अण्णांना मेसेज फॉरवर्ड करण्यावर बंदी.

२६ मे, सोमवार

मुंबईत मान्सून आला! मे महिन्यात! हवामान खात्याच्या म्हणण्याप्रमाणे इतक्या लवकर कधीच नोंदला गेला नव्हता. ऑफिसला पोचताच आलं नाही, गाड्या रखडल्या, घरून काम. काकांचा फोन, झाडावर राहिलेला आंबा पावसाने गेला, डाग पडले, कॅनिंगवाले पण भाव पाडून घेतायत. त्यांच्या आवाजावरून माझ्या ग्राफांचा विषय काढावासा वाटला नाही.

उरलेल्या आंब्यांचं आईंनी साठं घालायला घेतलं होतं, ऊन नाही म्हणून ते पण अर्धवट. साठं म्हणजे पाणी उडालेला रस, त्यामुळे तळहाताएवढ्या तुकड्यात अख्ख्या आंब्याची साखर असू शकते, वर घातलेली वेगळीच.

५ जुलै, शनिवार

एचबीए१सी आला, ७.३. लाल पेशी साधारण चार महिने जगते त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचं सरासरी चित्र असतं, म्हणजे पूर्ण आंब्याचा सीझन यात आहे. अण्णा म्हणतात बघा आंब्याने शुगर उतरली. उतरली बिस्किटांनी, म्हणजे ती गेल्याने, आणि ब्रेड, आणि ते रोज पॅसेजमध्ये चालतायत अजून, शेजारच्या काकू पण आता त्यांच्याबरोबर. यातलं कशाचं किती ते मला वेगळं काढता येणार नाही, एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर टेस्टर काय सांगणार. एवढं म्हणता येईल की मोजून खाल्लेल्या आंब्याने तो बिघडला नाही.

डॉक्टर मॅडमनी ग्राफ बघून ग्लिमेपिराइड कमी केली, रात्रीचे काही आकडे त्यांना खाली वाटले. कुशीवर झोपल्याचे वगळून हो, ते मी आधीच लाल पेनने खोडून नेले होते.

९ ऑगस्ट, शनिवार

सुहासने बातमी पाठवली. दिल्लीत डॉ. अनुप मिश्रा यांच्या टीमने आंब्यावर दोन अभ्यास केलेत, हापूस नाही, सफेदा, दशेरी, लंगडा असे तिकडचे. एकात आंबा विरुद्ध पांढरा ब्रेड, आंब्याने ब्रेडपेक्षा जास्त शुगर वाढवली नाही. दुसऱ्यात टाइप २ वाल्यांना आठ आठवडे नाश्त्याला ब्रेडच्या जागी २५० ग्रॅम आंबा, त्यांची फास्टिंग आणि एचबीए१सी सुधारली. बातमीच्या मथळ्यात फक्त आंबा डायबेटीसला चांगला, एवढंच. ब्रेडच्या जागी हे तिसऱ्या परिच्छेदात, आणि सगळं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली आखून दिलेलं होतं हे अजून खाली. अण्णांनी मथळा वाचून फोन खाली ठेवला होता, मी तिसरा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. २५० ग्रॅम मात्र त्यांनी बरोबर ऐकलं, म्हणे तुझा डोस अर्ध्याहून कमी होता. पुढच्या एप्रिलला २५० ची टेस्ट, नाश्ता म्हणून, सोबत दुसरं काही गोड-स्टार्च नाही, मॅडमना विचारून. वहीत घेतलंय.

त्याआधी २७ तारखेला गणपती. उकडीचे मोदक, तांदळाची उकड, गूळ, खोबरं, वर तूप. एका मोदकात सारणासकट किती ग्रॅम बसतं ते आईंकडून काढायचंय, त्या म्हणतात मोदक मोजून करतात, तोलून नाही. सेन्सरचे पैसे कोण देणार ते अजून ठरलेलं नाही, अण्णा पेन्शनमधून अर्धे द्यायला तयार आहेत पण त्यांची अट आहे की पहिल्या दिवशीचे आकडे धरायचे नाहीत, आणि सेन्सर २६ च्या रात्री लावायचा.